क्लचवरचा भार

वडील गेल्यावर त्यांची जुनी गाडी तिने आणि काकांनी दुरुस्तीला काढली. क्लचच्या पेडलच्या भोकात कडीसारखे बसणारे बुश झिजून कागदासारखे झाले होते आणि पेडल हलत्या दातासारखं डुगडुगत होतं.

काका पाय दाराबाहेर टाकून, पाठीवर पडून पेडलखाली शिरले होते.

"तुझ्या बापाला सांगून सांगून माझी जीभ झिजली," ते आतून म्हणाले, "पण बुश बदलेल तर शपथ!"

कित्येक दिवसांनी ती हसली.

क्लचची वायर सोडवलेली होती, स्प्रिंगही काढलेली. पेडल नुसतं लोंबत होतं. तिने दारात गुडघे टेकून ते वर धरायचं आणि काकांनी नवा बुश बोटाने भोकात बसवायचा, एवढंच काम उरलं होतं.

"अगं, खाली कशाला दाबतेस?"

"मी वर ओढतेय, काका."

पेडल खाली गेलं. पेडलचा दांडा आणि त्याला धरणाऱ्या लोखंडी पट्टीच्या मध्ये काकांची बोटं सापडली. हाड मोडल्याचा आवाज तिने ऐकला, मग काकांची किंकाळी. सगळा जोर लावून तिने पेडल ओढलं. ते जरासं वर आलं आणि पुन्हा दाणकन खाली बसलं. रक्त दांड्यावरून तिच्या मनगटावर ओघळलं.

ड्रायव्हरची सीट रिकामी होती, पण मधोमध खोल दबलेली होती.

"बाबा, पाय उचला!" तिच्या तोंडून निघून गेलं. "काका आहेत ते, तुमचा भाऊ!"

पेडल थांबलं. काकांचं ओरडणंही थांबलं.

"मी आहे हे कशाला सांगितलंस त्याला?" काका कुजबुजले.

तिच्या हातांतून पेडल सुटलं आणि आधीपेक्षा कितीतरी जोराने खाली आदळलं.