बेटावर जाणारं पिंप

"ईस्टरपासून हे पिंप माझ्या वाटेत उभं आहे. येता-जाता कंबर आपटते," इसिल्डा पुटपुटली.

बर्मिंगहॅमच्या त्या अरुंद घरात मी, तिची धाकटी बहीण, त्याच पिंपावर बसले होते. त्याशिवाय झाकण बसत नव्हतं. जमैकाला सामान नेणारी व्हॅन दारात आली होती. सामानामागून या खेपेला इसिल्डा आणि तिचा नवरा लिनवल, दोघंही निघणार होती, कायमची.

"ऊठ गं जरा," लिनवल म्हणाला. त्याने माईक बाहेर काढला. शनिवारी हॉलमध्ये कार्यक्रम होता. मी पुन्हा बसले. "ऊठ गं." आता स्टेजवरचे बूट. मग गिटारची वायर.

"रेगे गाऊन जन्मभर लोकांना रडवलंस, परत बेटावर जाऊ म्हणून," इसिल्डा म्हणाली. "तिकडे घरावर छप्पर चढलं. आता तरी भर की पिंप."

"शनिवारी तेच गाणं मागतील गं."

"ते दर शनिवारी मागतात."

व्हॅनवाल्याने हॉर्न दिला. लिनवल परत पिंपाकडे वळला, तशी मी न सांगताच उठले. पण इसिल्डाने त्याला बाजूला सारलं, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तळाशी ठेवलेलं आपलं जाड बुडाचं पातेलं ओढून वर काढलं. ते पोटाशी धरून ती म्हणाली,

"तुझ्या गाण्यापायी इतकी वर्षं गप्प बसले, लिनवल. मलाही नाही जायचं."