तेरा दिवसांचं गरम पाणी

समुद्रातली सगळी प्रवाळं मेल्यापासून आधीच काढून ठेवलेले त्यांचे जिवंत तुकडे सरकारने घराघरांतल्या काचेच्या टाक्यांत जपायला दिले होते. मालवणात उर्मिला मुणगेकरच्या वडिलांची टाकी आता उजाड झाली होती. दगडांवर मात्र कसल्याशा अनोळखी प्रवाळाचे जांभळे कोंब फुटले होते.

तपासनीस खोबरेकरांनी काचेला यंत्र लावलं. "हे सरकारी यादीत नाहीत. चुन्याचा लेप लावून मारून टाका, उर्मिलाताई."

"बाबा गेले तेव्हा सगळे म्हणाले, सुतकात टाकीला हात लावू नको," उर्मिला म्हणाली. "मीही शहाणी, ऐकलं. पाणी थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं ते तेरा दिवस तसंच. बाबांनी वाढवलेलं सगळं मेलं."

"म्हणून तर सांगतोय, ही घाण काढा."

"पाणी चौतीस अंशांवर गेलं होतं, भाऊ. त्यात हे उगवले. बाहेर समुद्र किती आहे?"

खोबरेकरांनी यंत्र पिशवीत ठेवलं. "चौतीस. पण नियम मोडलात तर टाकी जप्त होईल."

"न्या की. रिकामी न्या."

तिने बाही वर सारली, कोंबांचा दगड उचलून पाण्याच्या बादलीत ठेवला आणि अनवाणीच समुद्राच्या वाटेला लागली.