मधली जागा

हौसेरावला बहीण नव्हती, म्हणून लेकीच्या बारशाला आत्याचा मान शेजारच्या खुर्शीदआपांनी घेतला. मसजिद बंदरच्या दाणाबाजारात तो तान्हा असताना माथाडींना सापडला होता. त्यांनीच त्याला वाढवलं, आडनाव मुकादमाचं लावलं. बाजार तुर्भ्याला हलला, तसा तोही मागोमाग आला.

"कानात नुसतं नाव सांगू का आख्खं?" आपांनी विचारलं.

"आख्खं सांगा," हौसेरावची बायको सत्यभामा म्हणाली.

आपा पाळण्यावर वाकल्या. "ज्ञानेश्वरी. मधलं काय लावायचं, भाऊ?"

"मधलं नाय," पाळण्याची दोरी धरून उभा असलेला हौसेराव म्हणाला. शाळेत, रेशनच्या दुकानात, जिथं कुणी विचारलं तिथं आजवर त्याने हेच सांगितलं होतं. "तिथं रेघ मारायची."

सत्यभामाने त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "असं काय करताय? तुमी हाय की."

त्याला पटकन उमगलंच नाही. तोवर आपा बाळाच्या कानाशी गेल्या होत्या. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या सावकाश म्हणाल्या, "ज्ञानेश्वरी हौसेराव शेडगे. कुर्रर्र."

बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत बुक्के घातले. हसाहशी झाली, घुगऱ्या वाटायला घेतल्या.

हौसेराव मात्र तसाच उभा होता. हातातली दोरी हलत नव्हती.

"आपा," तो म्हणाला, "अजून एकदा सांगता का? तिला नीट ऐकू गेलं नसंल."