समोरचा उमेदवार

या, असे पुढे सरका. बुवांना यायला अजून अवकाश आहे. तोवर आपल्या अंधेरीचीच एक गोष्ट ऐका. पोटनिवडणुकीची आहे, पण देवाला आवडेल अशी.

मरोळच्या गिल्बर्टभाऊंच्या ओसरीवर त्यांचा काळा कोट उन्हात टांगला होता. आमदार श्यामकांतराव वारले होते. त्यांच्या रिकाम्या जागेवर त्यांच्या पत्नीला, सुहासिनीबाईंना, बिनविरोध पाठवायचं सगळ्यांनी ठरवलं होतं. समोर अर्ज उरला होता तो एकट्या गिल्बर्टभाऊंचा. तो उद्या मागे घ्यायला जायचं, म्हणून कोट.

भाऊ मुळ्याच्या जुड्या बांधत होते, तोच सुहासिनीबाई स्वतः वाडीत आल्या. मागोमाग धापा टाकत त्यांचा दीर जयवंत.

"वहिनी, तुम्ही कशाला आलात? घेतो ना मी मागे."

"तेच सांगायला आले. घेऊ नका."

जयवंतने कपाळाला हात लावला. "वाट लावाल वहिनी! घरात आलेली जागा ही..."

"घरात कशी आली, भावजी? लोकांनी मत दिलं ते ह्यांना. मला कुणी दिलंय? मंगळसूत्र उतरलं, म्हणून आमदारकी गळ्यात घालायची?"

गिल्बर्टभाऊंनी जुडी खाली ठेवली. "मी उभा राहिलो तर लोक म्हणतील, विधवेच्या आडवा आला. रविवारी चर्चच्या पायरीवर तोंड कसं दाखवू?"

"मी सांगेन त्यांना, मीच उभं राहायला सांगितलं म्हणून." बाई ओसरीच्या कडेला टेकल्या. "हे देवळात झांज धरायचे ना. परवा ती मी मागितली. बुवा म्हणाले, आधी ताल धरून दाखवा, बाई. काय बरं वाटलं मला! हे गेल्यापासून सगळे नुसते हातात आणून देतायत. येतं का, म्हणून कुणी विचारलंच नव्हतं."

भाऊंनी पुढची जुडी उचलून मुळ्यांची माती झटकली.

"मागच्या खेपेला नवऱ्यानं पाडलं, आता बायको पाडणार. तुमच्या घरानं पिच्छाच पुरवलाय माझा."

"पाडते की पडते, ते पेट्या उघडल्यावर कळेल."

दारातून भाऊंची बायको ॲग्नेस म्हणाली, "मी मत वहिनींनाच देणार. आत्ताच सांगून ठेवते."

"दे गं. मतदानाच्या पेट्या तरी लागतील."

तिने कोटाला हात घातला. "मग हा ठेवू पेटाऱ्यात?"

"राहू दे बाहेर. प्रचाराला लागेल."

बुवा आले वाटतं. निवडून कोण आलं, ते गावात कुणीही सांगेल. आता ती झांज ऐका, बाईंच्या हातची आहे. तिच्यावर टाळी धराल, तेव्हा समोर उभ्या राहिलेल्या गिल्बर्टभाऊंची तेवढी आठवण ठेवा.