खडेमिठाची वाटी

थंडी सरली तशी केतकीने घर उपसायला काढलं. रजया गच्चीवर, पडदे बादलीत. सुनेच्या या उत्साहात कुमुदिनीबाईंना काहीतरी काळंबेरं दिसत होतं. त्यात स्वतःच्याच पलंगाखाली त्यांना खडेमिठाची वाटी सापडली. घरातली पीडा शोषायला असं मीठ ठेवतात, हे त्यांना ठाऊक होतं.

"म्हणजे पीडा मी," त्या पुटपुटल्या आणि गुपचूप ती वाटी सुनेच्या पलंगाखाली सरकवून आल्या.

संध्याकाळी केतकी वाटी घेऊन समोर उभी राहिली. बाईंनी भांडायला पदर खोचला.

"आई, तुम्हाला झोप लागत नाही म्हणून ठेवली होती," म्हणत तिने बाईंचा हात हातात घेतला. "आणि तुम्ही स्वतःची झोप सोडून ती आम्हाला दिलीत?"

बाईंनी खोचलेला पदर हळूच सोडला.

"मिठाची बरणी आण," त्या म्हणाल्या. "आणखी एक वाटी भरू."