गुठळी

"पुन्हा काहीच नाही!" असे म्हणत शर्वरीताईंनी पेशींची काचेची बशी टेबलावर आपटली. मानवी मूलपेशींपासून हृदयाच्या पेशी घडवण्याचा त्यांचा हाही प्रयत्न निष्फळ ठरला होता. महिनाअखेरीस त्यांची शिष्यवृत्ती संपणार होती.

प्रयोगशाळेचे प्रमुख प्रधानसर यांची शिस्त अशी की बशीत गुठळ्या दिसता कामा नयेत. रोज सकाळी औषध घालून पेशी एकमेकींपासून सोडवायच्या, म्हणजे मोजणी बिनचूक होते. ताई ते निष्ठेने करीत आणि माझ्यापाशी, म्हणजे प्रयोगशाळेच्या सेवकापाशी, त्रागा करीत.

पुढे ताई आठवडाभर तापाने अंथरुणास खिळल्या. त्यांनी नुकत्याच मांडलेल्या नव्या बशीतले पोषकद्रव्य मी बदलत राहिलो. पेशी सोडवणे मात्र माझ्या अधिकारातले नव्हते. परतल्यावर ताईंनी सूक्ष्मदर्शकात पाहिले आणि त्या ओरडल्या, "दत्तूभाऊ, या हो लवकर!"

मी डोळा लावला. एकमेकींना घट्ट बिलगलेल्या पेशींचा तो थर एका ठेक्यात धडधडत होता.

"रोज मीच त्यांची ताटातूट करत होते," ताई हळहळत म्हणाल्या.

इतक्यात सर आले. "बशीत ही काय गुठळी? पेशी सोडवा आणि आकडा द्या. आकड्याशिवाय मुदतवाढ कशी मागू?"

"सर, सोडवल्या की थांबतील."

"नियम म्हणजे नियम."

ताईंनी औषधाची बाटली त्यांच्या हाती दिली. "मग तुम्हीच घाला. पण आधी बघा."

सर सूक्ष्मदर्शकावर वाकले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. बाटलीचे झाकण त्यांनी उघडले नाही.