तीन बोटांची चिमूट

“बाबा, हात!”

लेक ओरडली तसा आचारी दचकला. त्यानं पाहिलं, तर त्याचा उजवा हात शिजत्या माशावर वीतभर उंच थांबला होता आणि तीन बोटांच्या चिमटीत मीठ होतं. चिमूट सुटायचीच काय ती बाकी होती. ती कधी भरली, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. तो वाफेत बघत कुठेतरी लांब, ढगांमधून चालत होता.

पस्तीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये असंच चाललं. रोजची चारशे ताटं. हात आपलं काम करायचा आणि हा आपल्या तंद्रीत. मीठ कधी कमी पडलं नाही की जास्त झालं नाही, आणि चाखून बघावं लागत नाही याचा त्याला कोण अभिमान!

“म्हणून ही मिठाची बरणी अर्धी झाली होय!” लेक म्हणाली. “आणि डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलंत, की आईच्या जेवणात मिठाचा कण नाही.”

“खोटं नव्हतो गं बोललो.”

खरंच नव्हता. बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन पायांवरच्या सुजेपायी अडलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताकद येईल असं खाऊ घाला, चरबी नको, मीठ तर नकोच. तेव्हापासून हा भिंग घेऊन दुकानं पालथी घालत होता. डब्यातला मासा उचलायचा, बारीक अक्षरं वाचायची, परत ठेवायचा. चीजमध्ये मीठ, पावात मीठ, मसाला लावून ठेवलेल्या कोंबडीचं तर बोलायलाच नको. शेवटी ताजा मासा, कातडी काढलेली कोंबडी, अंड्यातलं पांढरं आणि डाळी एवढं त्याच्या पिशवीत उरलं. इतकं पारखून आणलेलं आपल्याच हातानं घालवलं, हे कळलं तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खिडकीपाशी बायको बसली होती, पाय स्टुलावर टेकवून. दुपारचं पिवळं ऊन तिच्या सुजलेल्या पावलांवर पडलं होतं. पडदा हलला की पावलं पाण्याखाली असल्यासारखी दिसत.

“आई, तुला कळलं नाही?”

“पहिल्याच घासाला कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“चांगलं लागत होतं,” ती म्हणाली आणि चोरून खाताना सापडलेल्या पोरीसारखी हसली.

लेकीनं कपाळावर हात मारून घेतला. त्याच्या चिमटीतलं आणि बरणीतलं मीठ तिनं मोरीत ओतलं, वरून पाणी सोडलं, बरणी धुऊन पुसली आणि वरच्या फळीवर ठेवायला निघाली.

“जागेवरच असू दे ती,” आई म्हणाली. “नाहीतर त्यांचा हात घरभर शोधत फिरेल.”

आचाऱ्यानं माशावर लिंबू पिळलं, मिरपूड भुरभुरली, ताट बायकोच्या मांडीवर ठेवलं. तिनं एक घास घेतला. बराच वेळ चावला. मग चमचा खाली ठेवला.

इस्पितळातली बिनमिठाची ताटं तिनं चार दिवस अशीच परत पाठवली होती, आणि चौथ्या दिवशी तिला उठून बसवेना.

“आई, दोन घास तरी,” लेक म्हणाली.

“अहो,” बायको त्याच्याकडे बघत म्हणाली, “थोडं कमी पडलंय.”

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग उठला, बरणी घेऊन आला. तीन बोटं आत घातली. तळाची काच गार लागली. त्यानं चिमूट भरली आणि वीतभर उंचावरून, सावकाश, ताटभर फिरवत सोडली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच तो स्वतःच्या हाताकडे बघत होता.

“पुरे?”

“अजून किंचित.”

त्यानं अजून किंचित घातलं.

बायकोनं घास घेतला आणि डोळे मिटले.

“हं. आता बरोबर.”

ती जेवत राहिली. ऊन तिच्या पावलांवरून सरकून जमिनीवर उतरलं, तेव्हा ताटात लिंबाची फोड तेवढी शिल्लक होती.

आचाऱ्यानं बरणीचं झाकण घट्ट लावलं. हवा दमट होती, मिठाला पाणी सुटलं असतं.